वाल सोलणारा कॉफीचा चरक

मी एक जुना चरक आहे. उसाचा नव्हे, कॉफीचा. न्यू जर्सीतल्या एका कॉफीच्या दुकानात, रस्त्याकडेच्या काचेमागे मला उभं करून ठेवलं आहे. माझ्या वरच्या तोंडात कुणीतरी फर्नची कुंडी खोचली आहे. माझ्या हँडलला गिऱ्हाइकं ओले मफलर अडकवतात. आणि माझ्या पायाशी एक सुबक पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे, 'दूरच्या डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यातलं अस्सल जुनं यंत्र.'

मित्रांनो, ही पाटी साफ खोटी आहे! कॉफीचा मळा मी जन्मात पाहिलेला नाही. कॉफीचं एक ताजं फळसुद्धा माझ्या पोटात कधी पडलेलं नाही. मी सोलले ते वाल. हो, वालच. तुमच्या घरी बिरड्याची उसळ होते ना, त्याचे वाल. हसू नका, मला आधीच राग आलेला असतो. रोज सकाळी माणसं माझ्यासमोर वाफाळती कॉफी पितात, माझ्याकडे बोट दाखवून 'सो क्यूट' म्हणतात आणि कामाला निघून जातात. क्यूट म्हणे! मलाही एक काम होतं. ते मला कुणी करू दिलं नाही.

माझा जन्म इथून जवळच, आयसेलिनच्या बाजूला एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. साल होतं दोन हजार दोन. वर्कशॉपचे मालक डोनेली नावाचे भले गृहस्थ होते. अमेरिकेचं सरकार गरीब देशांना जी मदत पाठवतं, त्यातली शेतीची यंत्रं करायचं काम त्यांच्याकडे येई. पण मला घडवलं ते अहिल्यानं. अहिल्या मूळची नागपूरची, मेकॅनिकल इंजिनीअर. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून लग्नानंतर इकडे आली आणि हट्टानं लोखंडातच राहिली. काम करताना ती एकटीच मराठीत पुटपुटायची. स्क्रू बसला नाही तर "बस ना रे बाबा" म्हणायची, बसला तर "शहाणा माझा" म्हणायची. माझ्या कानावर पहिली पडलेली भाषा ती. म्हणून मी तुमच्याशी मराठीत बोलतो आहे.

माझी घडण साधी आहे. वर नसराळ्यासारखं तोंड, आत तांब्याचा पत्रा मढवलेला एक दंडगोल, त्यावर किसणीसारखे दात, त्यांच्यासमोर मागेपुढे सरकणारी एक पट्टी, आणि बाजूला भलं मोठं चाक. वरून फळं ओतायची, हँडल फिरवायचं, की साल एकीकडे पडते आणि बी दुसरीकडे. वीज नको, डिझेल नको. कागदावर माझं इंग्रजी नाव हातभर लांब होतं. पण चाक बघून अहिल्याला गावाकडचं रसवंतीगृह आठवलं आणि तिनं मला चरक म्हणायला सुरुवात केली. मग डोनेलीसुद्धा 'चारक, चारक' म्हणू लागले.

मी ज्या गावाला जाणार होतो, तिथून एक बाई मला शिकून घ्यायला आली. तिचं नाव एल्व्हिरा. तिच्या देशाचं नाव मी सांगणार नाही, आधीच त्या बिचाऱ्याची पुष्कळ बदनामी झालेली आहे. एल्व्हिरा ठेंगणी, रापलेली, मोठ्यानं हसणारी. अर्धं स्पॅनिश आणि अर्धं इंग्रजी बोलायची आणि अहिल्याला 'इंजेनिएरा' म्हणजे इंजिनीअरबाई अशी हाक मारायची. तिचं बोलणं मी तुम्हाला मराठीत सांगतो.

ती म्हणाली, "आमच्या डोंगरावर पूर्वी सगळे कोका लावायचे. कोका म्हणजे एक झुडूप. पानं तोडली की दलाल दारात येऊन उचलून न्यायचा. पुढे त्या पानांची नशेची पांढरी पूड होते आणि ती तुमच्या अमेरिकेत येते, हे आम्हाला माहीत होतं. पण पोट भरत होतं. मग तुमची माणसं आली. म्हणाली, कोका उपटा, कॉफी लावा, आम्ही मदत करतो. सगळ्यांत आधी मी उपटला. मग घरोघरी जाऊन शेजाऱ्यांना समजावलं. कॉफीला फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. तेवढी वर्षं आम्ही अर्धपोटी काढली. आता येत्या हंगामात पहिलं फळ येईल."

"मग काळजी कसली?" अहिल्यानं विचारलं.

"फळ तोडल्यावर दिवसभरात सोललं नाही तर आंबतं. आंबलेली कॉफी कुणी घेत नाही. मी सगळ्या गावाला शब्द दिलाय, की सोलायचं यंत्र येतंय. हे आलं नाही ना इंजेनिएरा, तर मला त्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

एवढं बोलून तिनं माझ्या चाकावर हात ठेवला. मित्रांनो, कुणीतरी आपल्यावर एवढा भरवसा टाकला की लोखंडालासुद्धा काहीतरी होतं. मी मनात म्हटलं, बाई, मी येतो. नक्की येतो.

पण मला तपासायचं कसं? न्यू जर्सीत कॉफीची ताजी फळं कुठून आणणार? डोनेलींनी इथली क्रॅनबेरी आणली. तिचा नुसता चोथा झाला आणि माझं सगळं अंग लालेलाल झालं. तेव्हा एल्व्हिरानं चिमटीत दाबल्यासारखं करून दाखवलं, कॉफीचं फळ असं दाबलं की आतली बी सुळकन बाहेर उडते. अहिल्या बघतच राहिली आणि मग टाळी वाजवून ओरडली, "अगं बाई, हे तर बिरडं!"

झालं. तिनं ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून कडवे वाल आणले, भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि कोमट पाण्यात घालून वर्कशॉपमध्ये घेऊन आली. आधी दोघी बाकावर बसून हातानं सोलायला लागल्या. एल्व्हिराचा पहिला वाल थेट डोनेलींच्या चष्म्यावर जाऊन आदळला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एल्व्हिरानं उरलेले वाल माझ्या तोंडात ओतले आणि हँडल फिरवलं. पहिल्या खेपेला मी बरेच चिरडले. अहिल्यानं आतली पट्टी जरा सैल केली. दुसऱ्या खेपेला साली डावीकडे पडल्या, वाल उजवीकडे. काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की मी कशासाठी आहे.

एक वाल मात्र आत पट्टीच्या मागे जाऊन अडकला. अहिल्यानं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. वाटेत तेवढीच शिदोरी." बाकीच्या वालांची दुसऱ्या दिवशी गूळखोबरं घालून उसळ झाली आणि डोनेलींनी ती दोनदा मागून घेतली. कॉफीसाठी पट्टी किती सरकवायची, दात झिजले तर काय करायचं, सगळं एल्व्हिरा शिकली. निघताना अहिल्याला मिठी मारून म्हणाली, "बंदरावर मी स्वतः येईन घ्यायला."

मला बोटीवर चढवायचा दिवस ठरला, तो नेमका दसऱ्यानंतर लगेचचा. त्या वेळी अहिल्याचे सासरे गुरुनाथ, म्हणजे आप्पा, नागपूरहून राहायला आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, हौशी गृहस्थ. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "यंत्र परमुलखाला निघालंय आणि दसऱ्याला त्याची पूजा नाही? असं कुठे असतं का, सूनबाई?"

"करा आप्पा, पण पसारा नको हं," अहिल्या म्हणाली आणि फोन आला म्हणून आत गेली.

आप्पांनी मला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हँडलला झेंडूची माळ घातली. इथवर सगळं ठीक होतं. पण पिशवीतून आणलेली रांगोळी बघून त्यांना राहवेना. माझ्या लाकडी बैठकीवर त्यांनी एक कमळ काढलं. ते छान आलं, म्हणून बाजूला दोन पावलं काढली. तीही छान आली, म्हणून चाकाच्या कडेकडेनं चिमटीनं रेघ ओढली. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. एवढं नटवून कुणी यंत्राला निरोप देत असेल का? मग माझ्याभोवती खोकं ठोकलं आणि ट्रक बंदराकडे निघाला.

बंदरावर तपासणी करणाऱ्यानं खोक्याची फळी उचकटली आणि तसाच चार पावलं मागे गेला. मित्रांनो, तो काळच वाईट होता. आदल्याच वर्षी अमेरिकेत टपालातून विषारी पूड पाठवून माणसं मारली होती. पांढरी पूड दिसली की इमारती रिकाम्या होत. त्यात माझ्या खोक्यावर पत्ता कुठला? कोकाच्या देशाचा. म्हणजे ती पूड विषाची की नशेची, एवढाच काय तो त्यांना प्रश्न. भोंगे वाजले. पिवळे डगले घातलेली माणसं आली. त्यांनी माझ्याभोवती दोरी बांधली आणि चिमट्यानं एकेक झेंडूचं फूल पिशवीत भरलं.

अहिल्या आणि आप्पा धावत आले. आप्पा दोरीपलीकडून ओरडत होते, "अहो, ती रांगोळी आहे! आम्ही दारात घालतो ती! हवं तर मी खाऊन दाखवतो!"

"आप्पा, खायचं काही बोलू नका!" अहिल्या दबल्या आवाजात म्हणाली. मग ती त्या माणसाला इंग्रजीत समजावू लागली. त्यानं एकच उत्तर दिलं, "मॅम, स्टेप बॅक."

साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. पूड तपासायला गेली. उत्तर आलं, की हे दगडाचं पीठ आहे. ते आम्हीही सांगत होतोच. पण तोवर माझी बोट निघून गेली होती. "काही नाही, पुढच्या आठवड्यात दुसरी आहे," डोनेली म्हणाले. आणि त्याच आठवड्यात वॉशिंग्टनहून निकाल आला.

निकाल कसला, ते सांगतो. अमेरिकेचं सरकार दर वर्षी काही देशांची एक परीक्षा घेतं. तुमच्याकडून येणारी नशेची पूड थांबवायला तुम्ही आम्हाला मनापासून मदत केलीत का, हा तिच्यातला प्रश्न. केली असेल तर पास, आणि आमची मदत चालू. नाही केली तर नापास, आणि मदत बंद. एल्व्हिराचा देश त्या वर्षी नापास झाला. हुकूम आला, की बोटीवर चढलेला माल जाऊ द्या, जमिनीवर असेल तो जागेवर थांबवा. मी जमिनीवर होतो.

आप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. "माझ्या चिमूटभर रांगोळीनं त्या बाईचा घात केला," असं घोकत बसले.

अहिल्यानं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, रांगोळीमुळे बोट चुकली. मदत रांगोळीनं नाही थांबवली. ती ज्यांनी थांबवली ते तिकडे पोटभर जेवताहेत. तुम्ही जेवा."

मला परत आणून वर्कशॉपमागच्या गोदामात ठेवलं. माझ्या शेजारीच एक करडं खोकं होतं, पत्ता त्याच देशाचा. त्यात हेलिकॉप्टरचे सुटे भाग होते, डोनेलींनी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ठेवून घेतलेले. एका सकाळी ट्रक आला आणि ते खोकं ऐटीत निघून गेलं. मी बघतच राहिलो. ते जातं आणि मी का नाही? तर नियमच तसा होता. कोकाची झुडपं मारायला आणि चोर पकडायला जी मदत जाते, ती चालू. बाकीची बंद. हेलिकॉप्टर नशा थांबवतं, म्हणून ते जाणार. मी कॉफी सोलतो, म्हणून मी शेती, म्हणून मी राहणार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

अहिल्या गप्प बसणारी नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या नीलांबरीताईंचा मुलगा परीक्षित वॉशिंग्टनला, ह्या मदतीच्या ऑफिसातच नोकरीला होता. इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. तिनं फोन करकरून त्याच्या नाकी नऊ आणले. शेवटी तो बिचारा एका शनिवारी गोदामात आला. उंच, सरळ पोरगा. मला बघून त्यानं हँडल फिरवलं. रिकामं चाक खडखडलं.

"अहिल्यामावशी, आय गेट इट," तो म्हणाला. "पण कंट्री फेल झाली. फेल म्हणजे एड बंद. दॅट्स द लॉ."

"कोण फेल झालं रे? एल्व्हिरा?"

"नाही, त्यांचं गव्हर्नमेंट. मिनिस्टर लोक स्मगलर्सकडून पैसे घेतात. त्यांना प्रेशर नको का द्यायला?"

"दे ना! खुशाल दे! त्यांचे व्हिसा कॅन्सल कर, त्यांच्या बंदुका बंद कर. हा चरक काय त्या मिनिस्टरच्या स्वयंपाकघरात जाणार होता? ज्या बाईनं तुमचं ऐकून कोका उपटला, तिलाच तुम्ही शिक्षा करताय. चोर सोडून संन्याशाला सुळी!"

"म्हणजे?"

"घरी जाऊन आईला विचार."

परीक्षितनं हँडल सोडलं. मग खाली बघून हळू बोलायला लागला. "मावशी, कॉलेजमध्ये माझा एक रूममेट होता, डॅनी. त्या पावडरनं गेला तो. सकाळी क्लाससाठी उठवायला मी गेलो, अँड ही वॉज कोल्ड. म्हणून मी ह्या जॉबला आलो. मला पण ती पूड थांबायला हवीय. तुझ्यापेक्षा जास्त."

अहिल्याचा चढलेला आवाज एकदम उतरला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मग राजा, हा चरक तुझ्याच बाजूचा आहे. ह्याला जाऊ दे."

त्यानं खरंच धडपड केली, हे मला सांगितलंच पाहिजे. मला शेतीतून काढून नशाबंदीच्या मदतीत घाला, असा अर्ज त्यानं वर पाठवला. तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्यावर असा फिरत राहिला. हिवाळा सरला, बर्फ वितळलं. उत्तर आलं, की हे यंत्र कॉफीचं आहे, म्हणून ते शेतीतच मोडतं. कॉफी कशाच्या जागी लावली आहे, हे त्या उत्तर देणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

तिकडे एल्व्हिराच्या डोंगरावर फळं लाल झाली. मला ते कसं कळलं? तिचा फोन आला. अहिल्या तेव्हा गोदामात माझ्या चाकाला तेल घालत होती. तिनं फोनचा स्पीकर लावला.

"इंजेनिएरा, आम्ही हातानं सोलतोय," एल्व्हिरा म्हणाली. "तुमच्या त्या वालांसारखं. सगळा गाव बसलाय, म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकरं, सगळी. बोटांची सालटी निघालीत. पण किती सोलणार? निम्म्याहून जास्त आंबली. चरक निघाला का?"

मला वाटत होतं, त्या फोनमधून घुसावं आणि जाऊन पडावं तिच्या अंगणात. मी इथे रिकामा उभा, तेलपाणी केलेला, दात धारदार, आणि तिकडे लेकरांच्या बोटांतून रक्त. मित्रांनो, त्या दिवसासारखा संताप मला पुन्हा कधी आला नाही.

"अजून नाही, एल्व्हिरा," अहिल्या कशीबशी म्हणाली. "मी प्रयत्न करतेय."

"मला माहीत आहे," पलीकडून उत्तर आलं. "पण शेजारी मला विचारतात, तुझी अमेरिका कुठाय? मी काय सांगू?"

पुढचा फोन बऱ्याच महिन्यांनी आला. ह्या वेळी तिच्या आवाजात हसू नव्हतं, रडूही नव्हतं. गावानं निम्म्या उतारावर पुन्हा कोका लावला होता. तिनंसुद्धा लावला होता. "मुलांना जेवायला घालायचं होतं," ती म्हणाली. "तू रागावू नकोस. शब्द मी मोडला नाही, इंजेनिएरा. शब्द तुमच्याकडून मोडला." अहिल्या म्हणाली, की मी कशाला रागावू? आणि फोन ठेवल्यावर माझ्याच बैठकीवर बसून हमसून हमसून रडली.

त्या वर्षीही निकाल लागला. देश पुन्हा नापास. कारण काय, तर डोंगरांवर कोका वाढला! अरे, वाढला कुणामुळे? मला इथे अडकवून ठेवलंत म्हणून तिकडे कोका लागला, आणि तिकडे कोका लागला म्हणून तुम्ही मला अजून अडकवून ठेवता! हे मला कळतं, एका लोखंडाच्या चरकाला, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांना कळत नाही? परीक्षितला कळत होतं. त्यानं ते लिहूनही पाठवलं. पण एकट्याच्या ओरडण्यानं काय होतं?

मग कधीतरी, दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात, तो फोनवर अक्षरशः नाचतच बोलला. "मावशी, कंट्री पास झाली! चरक क्लिअर! उद्या शिप करू शकतो!"

अहिल्यानं घाईघाईनं एल्व्हिराला फोन लावला. पलीकडे तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नको."

"अगं, नको काय? तो येतोय!"

"इथे आता सोलायला काही राहिलं नाही. मागच्या महिन्यात हेलिकॉप्टर आलं. कोकावर औषध फवारलं. वाऱ्यानं ते कॉफीवरही पडलं. झाडं उभी वाळली. म्हणून तर आमचं सरकार पास झालं असेल. मी आता शहरात एका घरी धुणीभांडी करते."

ना कोका राहिला ना कॉफी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ते हेलिकॉप्टर माझ्या शेजारच्या खोक्यातल्या भागांवर उडत होतं की नाही, मला माहीत नाही. पण मला तेच दिसतं. अहिल्यानं परीक्षितला सांगितलं, की राहू दे, आता पाठवू नकोस. तो म्हणाला, "बट वुई गॉट द अप्रूव्हल!" बैल गेला आणि झोपा केला. ही म्हणही तिनं त्याला ऐकवली असती, पण तिच्यात तेवढा जीव उरला नव्हता.

मग मला कुणी तेल घातलं नाही. डोनेली थकले, वर्कशॉप बंद झालं. अहिल्याला दुसरी नोकरी लागली, ती गाड्यांच्या भागांकडे गेली. माझ्यावर धूळ बसली, तांब्यावर हिरवट डाग आले. लिलावात मला ह्या दुकानाच्या मालकिणीनं उचललं, कारण माझा हिरवा डाग तिच्या भिंतीच्या रंगाला शोभत होता. आणि मग ही कुंडी आली, मफलर आले, ती खोटी पाटी आली.

ह्याच हिवाळ्यात एक दिवस दार उघडलं आणि अहिल्या आत आली. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. मागोमाग परीक्षित. तो ती नोकरी सोडून आता इकडेच, व्यसन सोडवणाऱ्या एका केंद्रात काम करतो, हे त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं. दोघांनी कॉफी घेतली आणि नेमके माझ्याच शेजारी येऊन बसले. मी जिवाच्या आकांतानं म्हणत होतो, बघ ना गं, बघ ना माझ्याकडे! तिनं मफलर अडकवायला हात वर केला आणि तो हात तसाच राहिला.

"परीक्षित," ती म्हणाली, "हा माझा चरक आहे."

तिनं माझ्या तोंडाच्या कडेखाली बोट फिरवलं. तिथे आप्पांच्या कुंकवाचा डाग अजून होता. आप्पा आता नाहीत, हेही मला तिच्या पुटपुटण्यातून तेव्हाच कळलं. परीक्षितनं पाटी वाचली, एकदा वाचली, दोनदा वाचली. मग कुणालाही न विचारता त्यानं कुंडी उचलून टेबलावर ठेवली आणि माझं हँडल धरलं. गंजानं मी कुरकुरलो. त्यानं जोर लावला, चाक फिरलं, आणि आतून काहीतरी टक्कन माझ्या बैठकीवर पडलं. त्यानं ते उचललं.

"व्हॉट इज धिस?"

"वाल," अहिल्या म्हणाली. "एल्व्हिरानं ओतलेला."

तो वाल वाळून खड्यासारखा टणक झाला होता. पण त्याच्यावर साल नव्हती. कुठे चिरलेला नव्हता, कुठे चेपलेला नव्हता. परीक्षित तो बोटांत फिरवून फिरवून बघत होता.

"इट वर्क्ड," तो म्हणाला.

"हो रे राजा. तो पहिल्या दिवसापासून चालत होता."

परीक्षितनं मूठ मिटली. आणि दुकान गच्च भरलेलं असताना तो उंच पोरगा माझ्या चाकावर कपाळ टेकवून उभा राहिला. तेवढ्यात मालकीण आली, गोड हसली, म्हणाली की डेकोरेशनला हात लावू नका प्लीज, आणि कुंडी परत माझ्या तोंडात खोचून गेली.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी साहेब व्हाल, कुणी असे निकाल लावायला बसाल. लावा. चोराला खुशाल पकडा. पण कुणाला मदत कबूल केली असेल, तर ती मधे अडवण्याआधी एकदा विचारा, की पलीकडे हात पसरून कोण उभं आहे. मंत्री उभा आहे की एल्व्हिरा? आणि दुसरं एक मागणं, अगदी लहानसं. कधी ह्या दुकानात आलात, तर मला क्यूट म्हणू नका. ती कुंडी काढा, दोन थेंब तेल घाला, आणि घरून मूठभर मोडाचे वाल आणा. मी अजून सोलतो.